लाल त्रिकोण: ‘कॉस्को बुसान’ आणि जहाजावरच्या भाषेचा नियम

७ नोव्हेंबर २००७ची सकाळ. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत धुकं असं दाटलं होतं की पाव मैलापुढचं काही दिसत नव्हतं. ऑकलंडच्या धक्क्यावरून दक्षिण कोरियातल्या बुसानला निघालेलं ‘कॉस्को बुसान’ हे ९०१ फूट लांबीचं कंटेनर जहाज खाडीवरच्या बे ब्रिज या पुलाच्या दिशेने चाललं होतं. इलेक्ट्रॉनिक नकाशाच्या पडद्यावर लाल त्रिकोणाच्या खुणा दिसत होत्या. जहाजावर चढलेल्या स्थानिक पायलटने, म्हणजे बंदरातून जहाजाला वाट दाखवणाऱ्या माणसाने, कप्तानाला विचारलं, हे लाल काय आहे? चिनी कप्तानाने तुटक इंग्रजीत उत्तर दिलं, हे ब्रिजवर आहे. हा लाल त्रिकोण कशाचा ते मला कळत नव्हतं, असं काहीसं पायलट म्हणाला आणि बोलणं तिथेच थांबलं. पुढे काही मिनिटांत, साडेआठच्या सुमारास, जहाजाची डावी बाजू पुलाच्या ‘डेल्टा’ नावाच्या खांबाच्या संरक्षक कठड्यावर आदळून घासत गेली. पत्र्याला दोनशे फुटांहून लांब चीर पडली, इंधनाच्या टाक्या फाटल्या आणि ५३,००० गॅलनहून जास्त, म्हणजे सुमारे दोन लाख लिटर काळं जाड तेल खाडीत गेलं.

ते लाल त्रिकोण म्हणजे डेल्टा खांबापाशी पाण्यावर तरंगणाऱ्या निशाण्यांच्या, बोयांच्या, खुणा होत्या. ज्या जागेपासून लांब राहायचं, तिच्याच.

धडकेनंतरचं बोलणंही जहाजाच्या व्हॉयेज डेटा रेकॉर्डरवर उतरलं आहे. आधी ‘हा पुलाचा मध्य ना?’ या पायलटच्या प्रश्नाला कप्तानाने हो म्हटलं होतं. तू हा पुलाचा मध्य म्हणालास, असं पायलट आता त्याला म्हणतो. कप्तान हो म्हणतो. पायलट म्हणतो, नाही, मध्य हा इथे आहे, तो खांब आहे, म्हणून तर आपण आदळलो. त्यानंतर कप्तान आपल्या माणसांशी मँडरिनमध्ये बोलतो, त्याचा अर्थ असा: त्याला कळायला हवं होतं, हा पुलाचा मध्य आहे, वाटेचा मध्य नाही.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुढे वाचता आलं नाही. दोघेही आपापल्या परीने खरं बोलत होते. पुलाचा मध्य आणि पुलाखालून जाणाऱ्या जहाजांच्या वाटेचा मध्य या दोन वेगळ्या जागा. त्यांच्यामधलं अंतर एका शब्दाने भरून निघालं असतं, आणि तो शब्द कोणीच उच्चारला नाही. शिवाय इंग्रजीत त्या पुलाला जो शब्द, तोच जहाज चालवण्याच्या खोलीलाही. आपण मराठीत बोलताना जहाजावरचा तो ‘ब्रिज’ आणि खाडीवरचा तो ‘पूल’ अशी फोड आपोआप करतो. या लेखातही मी तशीच करतोय. त्या सकाळी ब्रिजवर उभ्या असलेल्या माणसांना ही सोय नव्हती.

मी एकोणीस वर्षं जहाजांवर काढली आणि आता समुद्रावर जाणाऱ्या मुलांना शिकवतो. जहाजावरच्या भाषेचा विषय निघाला की मुलं इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करू लागतात. पालकही विचारतात, आमच्या मुलाचं इंग्रजी जेमतेम आहे, चालेल का? या प्रश्नाला मी कधी एका शब्दात उत्तर दिलेलं नाही. कॉस्को बुसान हे माझं लांबलचक उत्तर आहे.

आधी नियम बघू. समुद्रावरच्या जीवितसुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार म्हणजे सोलास. त्याच्या पाचव्या प्रकरणातला चौदावा नियम भाषेबद्दल बोलतो. प्रत्येक जहाजावर कामकाजाची एक भाषा ठरवायची आणि तिची नोंद लॉगबुकात करायची. ती कंपनीने किंवा कप्तानाने ठरवायची. प्रत्येक खलाशाला ती समजली पाहिजे, आणि जिथे कामाचा भाग असेल तिथे त्याच भाषेत हुकूम देता आणि उलट कळवता आलं पाहिजे. झेंडा ज्या देशाचा, त्याच्या अधिकृत भाषेपेक्षा ही भाषा वेगळी असेल, तर जहाजावर लावायचे नकाशे आणि याद्या यांचं भाषांतरही लावायचं. त्याच नियमात पुढे येतं की जहाज ते जहाज आणि जहाज ते किनारा हे सुरक्षेचं बोलणं, तसंच पायलट आणि ब्रिजवर पहाऱ्याला असलेले लोक यांच्यातलं बोलणं इंग्रजीत व्हावं. बोलणाऱ्यांना दुसरी एखादी सामाईक भाषा असेल तर तीही चालते.

म्हणजे एका जहाजावर कायद्यानेच दोन भाषा नांदू शकतात: खलाशांची आपसातली एक आणि पायलटशी बोलायची दुसरी. कॉस्को बुसानवर हेच होतं. झेंडा हाँगकाँगचा, सगळे खलाशी चीनचे, जहाज सांभाळणारी फ्लीट मॅनेजमेंट ही कंपनी हाँगकाँगची, पायलट अमेरिकन. कामकाजाची भाषा मँडरिन, पायलटसाठी इंग्रजी. यात बेकायदा काहीच नाही. जगातली असंख्य जहाजं आज असंच चालतात.

भाषेची ही कलमं कोणाच्या डोक्यातून सहज आलेली नाहीत. ७ एप्रिल १९९०च्या रात्री ओस्लोहून डेन्मार्कमधल्या फ्रेडरिक्सहाव्नला जाणाऱ्या ‘स्कँडिनेव्हियन स्टार’ या प्रवासी बोटीला आग लागली. १५९ माणसं गेली. खलाशांत पोर्तुगीज बरेच होते. प्रवासी नॉर्वे-डेन्मार्कचे. धुराने भरलेल्या बोळांमध्ये कोणी कोणाला काय सांगायचं आणि कोणत्या भाषेत, हा प्रश्न त्या रात्री माणसांच्या जिवावर बेतला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने समुद्रावरच्या ठरावीक वाक्प्रयोगांचं काम हाती घेतलं आणि नोव्हेंबर २००१मध्ये ते प्रमाण वाक्प्रयोग मंजूर झाले. आमच्या मुलांना आज शिकवतो ते हेच. त्याआधी १९७७पासून एक जुना शब्दसंग्रह होता, पण तो त्रोटक होता.

या प्रमाण इंग्रजीचं मला मोल वाटतं, कारण ती चांगली इंग्रजी नाही. ती मुद्दाम कोरडी, कापून छोटी केलेली भाषा आहे. निरोप सुरू करण्याआधी तो कसला आहे ते एका शब्दात सांगायचं: हुकूम, सल्ला, इशारा, माहिती, प्रश्न, उत्तर, विनंती की इरादा. आकडे एकेक करून म्हणायचे. दीडशे म्हणायचं नाही, एक-पाच-शून्य म्हणायचं. इंग्रजीत ‘मे’, ‘माइट’, ‘शुड’, ‘कुड’, ‘कॅन’ हे सभ्य शब्द टाळायचे, कारण त्यांत परवानगी, शक्यता आणि विनंती यांची गल्लत होते. आत येऊ का, असं विचारलं आणि समोरच्याने तेच शब्द उलटे म्हटले, तर परवानगी मिळाली की प्रश्नच परत आला? सुकाणूचा हुकूम दिला की सुकाणी तो शब्दशः परत म्हणतो, सुकाणू तिथे पोचलं की पुन्हा सांगतो.

कॉस्को बुसानच्या ब्रिजवर सुकाणूचे हुकूम असेच दिले-घेतले जात होते. गडबड झाली ती हुकुमांच्या बाहेरच्या बोलण्यात. ‘हे काय आहे’, ‘हे इथे आहे’, ‘तो मध्य का’, ‘हो’. बोट पडद्यावर, तोंडात ‘हे’ आणि ‘ते’. पडद्यावर बोट नेमकं कुठे टेकलं होतं हे बोलणाऱ्याला ठाऊक, ऐकणाऱ्याने अंदाज करायचा. प्रमाण वाक्प्रयोगांची जाडजूड पोथी पाठ असती तरी तिथे उपयोग नव्हता, कारण दोघांनाही आपण पोथीबाहेर गेलोय हे जाणवलंच नाही. इंग्रजी कोणाचं कच्चं होतं यापेक्षा मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं. पायलटची तर ती मातृभाषा होती आणि खुणेचा अर्थ त्यालाच विचारावा लागत होता. त्या खाडीत सव्वीस वर्षं पायलटगिरी केलेला माणूस नव्या कप्तानाला हा पुलाचा मध्य ना असं विचारतो, तेव्हा कप्तानाने काय समजावं? मला वाटतं, कप्तानाला हा प्रश्न नीट ऐकूच आला नसावा. शब्द कानावर पडले असतील, पण ‘या माणसाला नकाशा वाचता येत नाहीये’ हा त्यामागचा अर्थ पोचला नसावा.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, नाहीतर मी माझ्या विषयाच्या सोयीने प्रकरण वाकवतोय असं होईल. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने फेब्रुवारी २००९मध्ये दिलेल्या निष्कर्षात पहिलं कारण भाषा नव्हतं. पायलट डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं घेत होता आणि त्यांचा परिणाम त्याच्या विचारशक्तीवर झाला होता, हे पहिलं कारण. निघण्यापूर्वी कप्तान आणि पायलट यांच्यात सविस्तर चर्चा झाली नाही आणि वाटेतही दोघांत परिणामकारक संवाद नव्हता, हे दुसरं. कप्तानाने पायलटच्या कामावर आणि जहाजाच्या वाटचालीवर नीट लक्ष ठेवलं नाही, हे तिसरं. कंपनीने खलाशांना पुरेसं प्रशिक्षण न देणं आणि पायलटच्या तब्येतीवर तटरक्षक दलाची देखरेख तोकडी पडणं, ही हातभार लावणारी कारणं म्हणून धरली गेली.

पण पायलटची बुद्धी त्या दिवशी मंद होती, हे मान्य केल्यावर प्रश्न आणखी टोकदार होतो. ब्रिजवर पायलटखेरीज कप्तान, एक अधिकारी आणि सुकाणी होता. एका माणसाचं डोकं चालेनासं झालं तर दुसऱ्याने बोलावं, यासाठीच तर तिथे एकाहून जास्त माणसं असतात. त्यांनी बोलायचं कोणत्या भाषेत? आणि त्या भाषेत ‘थांबा, मला हे पटत नाही’ एवढं म्हणायची त्यांना सवय होती का?

निघण्यापूर्वीची चर्चा कशी झाली हे पाहा. पायलट जहाजावर आला की त्याला पायलट कार्ड दिलं जातं. त्यावर जहाजाची लांबी, खोली, इंजिनाचा वेग, सुकाणूचा प्रकार असतो. पायलट सही करतो. पण कार्डाची देवाणघेवाण हीच चर्चा नव्हे. आपण कोणत्या दोन खांबांमधून जाणार, कुठे वळणार, धुकं असंच राहिलं तर काय, तुमच्या नकाशावर कोणत्या खुणा वेगळ्या दिसतात, हे सगळं बोलायला दहा मिनिटं लागतात. त्या दिवशी धुक्यामुळे जहाजाला उशीर झाला होता. पायलट साडेसहाच्या आधीच जहाजावर होता आणि जहाज निघालं आठच्या सुमारास. दीड तासाहून जास्त वेळ हाताशी होता. डेल्टा आणि एको या खांबांमधलं अंतर दोन हजार फुटांहून जास्त, म्हणजे जहाजाच्या रुंदीच्या कित्येक पट. वेळही होता, जागाही होती. बोलणं तेवढं झालं नाही.

यानंतर रेडिओवरचा एक प्रसंग येतो. तो मी वर्गात नेहमी सांगतो, कारण त्यात एकही परदेशी माणूस नाही. तटरक्षक दलाच्या वाहतूक केंद्रातल्या माणसाने पायलटला व्हीएचएफवर विचारलं: आमच्याकडे तुमची दिशा २३५ अंश दिसते, तुमचा इरादा काय? पायलट म्हणाला, मी वळतोय, आत्ता २८० धरतोय. केंद्राने विचारलं, मग अजून डेल्टा-एको गाळ्यातूनच जाणार ना? पायलट हो म्हणाला. झालं. दोघेही अमेरिकन, दोघांचीही भाषा इंग्रजी. पण केंद्राने ‘दिशा’ म्हणून सांगितलेला आकडा म्हणजे जहाज पाण्यावरून प्रत्यक्ष कुठे सरकतंय तो. जहाजाचं नाक त्या क्षणी वेगळ्याच बाजूला होतं. वळणाऱ्या जहाजात या दोन गोष्टींत मोठा फरक पडतो. नाक एकीकडे आणि देह दुसरीकडे, जशी बैलगाडी उतारावर आडवी घसरते. केंद्राने दिलेली माहिती चुकीची होती आणि तिने पायलटचा गोंधळ वाढला असण्याची शक्यता आहे, असं अहवालातही म्हटलं आहे. तेव्हा मुलांनो, परदेशी खलाशांना इंग्रजी येत नाही म्हणून अपघात होतात, असं कोणी म्हणालं तर त्याला २३५ आणि २८० या दोन आकड्यांची गोष्ट सांगा.

आता जहाजाच्या पुढच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाकडे येतो. धुक्यात पहाऱ्यासाठी तिथे बोसन उभा होता. बोसन म्हणजे आपल्याकडच्या जुन्या शब्दात सारंग. रत्नागिरी-रायगडातल्या कितीतरी घरांतून सारंग आणि टंडेल हे हुद्दे पिढ्यानपिढ्या समुद्रावर गेलेले आहेत, म्हणून हा माणूस मला परका वाटत नाही. जहाज ९०१ फूट लांब. ब्रिज मागच्या बाजूला, त्यामुळे धुक्यात ब्रिजवरून जहाजाचं पुढचं टोकसुद्धा नीट दिसलं नसेल. पुलाचा खांब आधी दिसला तो या बोसनला. त्याने रेडिओवर मँडरिनमध्ये कळवलं: पुलाचा खांब, पुलाचा खांब. ब्रिजवरून उत्तर गेलं की हो, दिसला. तोवर उशीर झाला होता. सुकाणूचे हुकूम सुटले, पण तेवढ्या अंतरात ते जहाज सावरणं शक्य नव्हतं.

बोसनने मँडरिनमध्ये बोलणं चूक नव्हतं. ती त्या जहाजाची कामकाजाची भाषा होती. संकटात माणूस आपल्याच भाषेत ओरडतो आणि ओरडावंही, कारण तीच भाषा सगळ्यांत आधी तोंडात येते. पण या व्यवस्थेत एक फट आहे आणि ती नियमात कुठेच भरलेली नाही. पुढून येणारी प्रत्येक बातमी पायलटपर्यंत पोचायला कप्तानाच्या तोंडून जावी लागते. कप्तान हा त्या सकाळी दुभाषा होता, जहाजाचा प्रमुख होता, नकाशा बघणारा होता आणि पायलटवर लक्ष ठेवणाराही होता. एका माणसाच्या माथी चार कामं. त्यातलं दुभाष्याचं काम कोणत्याही कागदावर लिहिलेलं नव्हतं. जिथे खलाशांची भाषा पायलटला येत नाही, तिथे पुढून येणारे इशारे पायलटला तात्काळ सांगायला एक वेगळा अधिकारी ठरवून द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. तेवढे सेकंद वाचवणं अवघड नाही.

मुंबईच्या गोदीत क्रेनखाली उभं राहिलात तर आजही ‘हाबिस’ म्हणजे वर आणि ‘आरिया’ म्हणजे खाली हे शब्द ऐकू येतील. ‘आरिया’ पोर्तुगीजमधून आलेला. जुन्या आगबोटींवर लष्करी नावाची खलाशांची बोली चालायची. हिंदुस्तानी, पोर्तुगीज, अरबी, इंग्रजी अशी सरमिसळ. तिला व्याकरणाची परीक्षा नव्हती. पण ‘आरिया’ ऐकल्यावर क्रेनवाला चुकून वर खेचत नाही, कारण त्या शब्दाला दुसरा अर्थच ठेवलेला नाही. कामाची भाषा कशी असावी याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

कॉस्को बुसानच्या प्रकरणात मला सगळ्यांत जास्त खटकतो तो कागदांचा भाग. जहाज नुकतंच नव्या मालकाकडे गेलं होतं. २४ ऑक्टोबरला बुसानमध्ये ही नवी माणसं जहाजावर चढली. अपघाताच्या वेळी त्यांना एकमेकांबरोबर आणि त्या जहाजावर काम करून जेमतेम दोन आठवडे झाले होते. कंपनीची सुरक्षा व्यवस्थापन पद्धती, म्हणजे कोणत्या वेळी कोणी काय करायचं याचे जाडे ग्रंथ, जहाजावर होते. ते होते इंग्रजीत. कामकाजाची भाषा मँडरिन. सुरक्षा व्यवस्थापनाची आंतरराष्ट्रीय संहिता, जी कंटेनर जहाजांना जुलै २००२पासून लागू आहे, तीच सांगते की खलाशांना ही माहिती त्यांना समजणाऱ्या कामकाजाच्या भाषेत मिळाली पाहिजे. तपासणाऱ्यांनी लिहिलं की पुस्तिका कामकाजाच्या भाषेत नसल्यामुळे खलाशांना ती वाचून पाळणं कठीण गेलं.

ज्यांनी जहाजावर काम केलंय त्यांना हे चित्र डोळ्यांसमोर येईल. ब्रिजच्या मागच्या कपाटात निळ्या-लाल फाइली रांगेत उभ्या. प्रत्येकीवर पकडीने लावलेलं कार्ड, ‘वाचलं आणि समजलं’ असं लिहिलेलं, आणि खाली सगळ्यांच्या सह्या. तपासणीला माणूस आला की आधी सह्या बघतो. ‘समजलं’ या शब्दाखाली सही करताना एखाद्या सुकाण्याने मनात काय म्हटलं असेल ते कोणी विचारत नाही. मी स्वतः तरुणपणी अशा सह्या केल्या आहेत आणि माझ्या हाताखालच्या लोकांकडून घेतल्याही आहेत. आज मला त्याचं वाईट वाटतं. भाषेचा नियम कागदावर पूर्ण होण्याची ही सगळ्यांत सोपी वाट आहे आणि सगळ्यांत घातक.

त्या जहाजावर बर्थपासून बर्थपर्यंतचा, म्हणजे निघायच्या धक्क्यापासून पोचायच्या धक्क्यापर्यंतचा, पूर्ण प्रवासआराखडा तयार नव्हता. धडकेनंतर तो तयार करून कागदपत्रांत घातला गेला. पुढे कंपनीने न्यायालयात खोट्या नोंदींचा आणि तेल सांडल्याचा गुन्हा कबूल केला आणि तिला १ कोटी डॉलरचा दंड झाला. पायलटने पाणी प्रदूषण आणि स्थलांतरित पक्ष्यांच्या मृत्यूबद्दल गुन्हा कबूल केला. त्याला १० महिन्यांची कैद झाली. काही खलाशांना साक्षीदार म्हणून कित्येक महिने अमेरिकेत अडकून राहावं लागलं. नोकरीला लागून दोन आठवडे झालेली माणसं, एवढा काळ घरापासून लांब.

तेलाचं काय झालं तेही सांगायला हवं, कारण त्यातही निरोपाचीच गोष्ट आहे. सुरुवातीला सांडलेलं तेल सुमारे १४० गॅलन असल्याचं सांगितलं गेलं. खरा आकडा त्याच्या कित्येक पट निघाला. तो बाहेर येईपर्यंत मौल्यवान तास गेले. भरती-ओहोटीने तेल खाडीभर आणि बाहेरच्या किनाऱ्यांवर पसरलं. हजारो पक्षी मेले. साफसफाईवर कोट्यवधी डॉलर गेले आणि २०११मध्ये नुकसानभरपाईचा ४.४४ कोटी डॉलरचा समझोता झाला. त्या धडकेत कोणी माणूस दगावला नाही, हे नशीब.

अहवालातला एक निष्कर्ष मला अर्धाच पटतो. कप्तान आणि पायलट यांच्या अनुभवातली तफावत आणि सांस्कृतिक फरक यांमुळे कप्तान पायलटला हटकायला कचरला असावा, असं मंडळाने म्हटलं. अनुभवाचा भाग खरा आहे. कप्तानाला ती खाडी नवी, पायलटची तिथे हयात गेलेली. पण संस्कृतीवर बोट ठेवलं की पुढचा विचार थांबतो. मी नॉर्वेचे, युक्रेनचे, आपल्याकडचे कप्तान पाहिले आहेत. नव्या बंदरात, धुक्यात, पांढऱ्या केसांच्या स्थानिक पायलटला ‘थांब’ म्हणायला सगळेच कचरतात. चिनी कप्तानाने वेगळं काय केलं? त्याच्याजवळ हटकण्याची वाक्यं तयार नव्हती. आपल्या भाषेत आपण मान राखूनही विरोध करू शकतो. ‘अहो, जरा थांबा, मला एकदा बघू द्या’ म्हणता येतं. परक्या भाषेत तेवढा बारकावा नसतो. मग माणसाजवळ दोनच गोष्टी उरतात, उद्धटपणा किंवा गप्प बसणं. सभ्य माणूस गप्प बसतो.

हे मला स्वतःवरून कळलं. मी तिसरा अधिकारी होतो. युरोपातल्या एका नदीत रात्री पायलटने पुढची दिशा सांगितली. त्याच्या उच्चारात मला आकड्यांचा क्रम कळला नाही, दोन-एक-तीन की दोन-तीन-एक. मी ‘येस पायलट’ म्हणालो. माझं ‘येस’ म्हणजे ‘ऐकलं’ एवढंच होतं. त्याने ते ‘समजलं’ असं घेतलं. सुकाण्याने आकडा बरोबर ऐकला होता, त्याने परत म्हणून दाखवला आणि जहाज ठीक वळलं. काही झालं नाही. पण त्या फिलिपिनो सुकाण्याचा आवाज मला अजून आठवतो, एकेक आकडा सुटा करून म्हटलेला. त्याला माझ्यापेक्षा कमी इंग्रजी येत होतं.

म्हणून पालकांच्या प्रश्नाला माझं उत्तर असं असतं: जेमतेम इंग्रजी चालेल. ‘मला कळलं नाही, पुन्हा सांगा’ हे न लाजता म्हणणारा मुलगा हवा. मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाकडून परवाना मिळवताना आमची मुलं इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत छान बोलतात. परीक्षकासमोर ‘कळलं नाही’ म्हटलं की गुण जातात असं त्यांना वाटतं, आणि ती सवय घेऊनच ती ब्रिजवर जातात. हे आपण शिकवणाऱ्यांनी बदलायला हवं.

मंडळाने पुढच्यासाठी ज्या शिफारशी केल्या त्यांत दोन भाषेच्या होत्या. कंपनीने सुरक्षेच्या पुस्तिका खलाशांच्या कामकाजाच्या भाषेत द्याव्यात, ही एक. ब्रिजवरच्या सांघिक कामाच्या अभ्यासक्रमात भाषा आणि संस्कृतीतल्या फरकांवर स्वतंत्र भाग असावा, असा प्रस्ताव आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेपुढे मांडावा, ही दुसरी. खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय करारात २०१०मध्ये झालेल्या मनिला दुरुस्त्यांनंतर अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात ब्रिजवरचं सांघिक काम सक्तीचं झालं आणि त्यात परिणामकारक संवादाबरोबर ठामपणाही धरला गेला. आमच्या वर्गातली तासिका त्यातूनच आली.

त्या तासाला मी एक साधा सराव घेतो. टेबलावर सॅन फ्रान्सिस्को खाडीचा नकाशा पसरायचा. दोन मुलं, एक पायलट, एक कप्तान. कप्तानाचे हात पाठीमागे. बोट दाखवायचं नाही, ‘हे’ नाही, ‘ते’ नाही, ‘इथे’ नाही. नाव, रंग, दिशा आणि अंतर एवढ्यावरच बोलायचं. पहिल्यांदा सगळेच अडखळतात. एकदा दापोलीकडचा एक मुलगा कप्तान होता. पायलट झालेल्या मुलाने विचारलं, हे लाल काय? तो बराच वेळ नकाशाकडे बघत राहिला. हात सुटायला बघत होते, त्याने ते आवरले. मग एकेक शब्द तोडत इंग्रजीत म्हणाला: प्रश्न. कोणती लाल खूण? डेल्टा खांबाच्या उत्तरेची की दक्षिणेची?